शुगर तपासता, मग हिरड्या का नाही?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात जिल्ह्याच्या पानावर मोफत मधुमेह तपासणी शिबिरांच्या बातम्या नेहमी येतात, फोटोसकट. पाहुणे, हारतुरे आणि बोटाला सुई टोचून घेणारी एखादी मावशी. शिबिरं चांगलीच आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण माझं निपाणीत औषधांचं दुकान आहे आणि शिबिरात शुगर निघालेली माणसं पुढं चिठ्ठी घेऊन आमच्याकडेच येतात. त्यांचं वजन झालेलं असतं, बीपी बघितलेलं असतं, पायाला मुंग्या येतात का तेही कुणीतरी विचारलेलं असतं. तोंड उघडायला मात्र कुणीच सांगितलेलं नसतं. गोळ्यांचे पैसे देता देता मग हळूच विचारणा होते, "डॉक्टर, दात घासताना रगात येतंय वो, त्यावर काय तरी द्या की." (मी डॉक्टर नाही. आमच्याकडं काउंटरच्या आत उभा राहील तो डॉक्टर.)

मागणी ठरलेली असते. लवंगेचं तेल, 'भारीतली' पेस्ट, नाहीतर मागच्या वेळची ती अँटिबायोटिक गोळी. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मी देत नाही, म्हणून शेजारच्या गल्लीत माझी ख्याती फारशी बरी नाही. पण खरं सांगायचं तर या दुखण्यात नुसत्या गोळीनं भागत नाही. दातावर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. रोजच्या रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमनं कडक होऊन त्याचं किटण होतं, आणि ते घरी ब्रशनं निघत नाही. शेजारची हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लागला की रक्त येतं. रक्त आलं म्हणून लोक त्या बाजूला घासायचंच सोडतात, आणि थर आणखी वाढतो.

इथवरचा आजार पूर्ण बरा होतो. डेन्मार्कमधल्या आरहूस इथं हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात अजून सांगितला जातो. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या.

दुर्लक्ष झालं तर मात्र सूज खाली उतरते. दात आणि हिरडी यांच्यातली फट खोल होत जाते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. बांधावरच्या झाडाखालची माती धुपावी तसं हे चालतं. दात वरून धडधाकट, कीड नाही, काही नाही, आणि एक दिवस भाकरीचा तुकडा मोडताना हलायला लागतो. दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. झिजलेलं हाड आपसूक भरून येत नाही. "वय झालं, दात जाणारच" असं म्हणून लोक मोकळे होतात.

यावर आमच्या कट्ट्यावर हटकून एक जण म्हणतो, "आमच्या आज्ज्यानं जन्मात ब्रश धरला नव्हता, ऐंशीला ऊस सोलून खायचा." म्हातारा खोटं सांगत नव्हता. याच लोए यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातल्या ४८० मजुरांना १९७० पासून १५ वर्षं पाहिलं. दात घासायची कुणालाच सवय नव्हती, सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण होतं. तरी साधारण ८ टक्के लोकांचे दात झपाट्यानं गेले, ८१ टक्क्यांचा आजार मध्यम गतीनं वाढला आणि ११ टक्क्यांची गोष्ट हिरडीच्या सुजेपुढं गेलीच नाही. म्हणजे घाण सारखीच असली तरी प्रत्येकाचं शरीर तिला सारखं उत्तर देत नाही. काहीसा वाटा घराण्यातून येतो. आज्जा त्या ११ मधला असेल. नातवाला तंबाखू आणि शुगर दोन्ही असतील, तर त्यानं आज्ज्याच्या भरवशावर राहू नये.

तंबाखूचं आम्ही निपाणीकरांनी बोलायचं म्हणजे जरा अवघडच. या गावाची बाजारपेठ तिच्यावर उभी राहिली, १९८१ चं आंदोलन तिच्या भावासाठी झालं, किती घरांच्या चुली विड्या वळून पेटल्या. पण त्याच घरांतून सकाळी मशेरीचा वास येतो. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, चिमूटभर तळव्यावर घेऊन बोटानं हिरड्यांवर चोळत उंबऱ्यावर बसायचं. विचारलं तर म्हणतात, "ती लावल्याबिगर पोट साफ होत नाही." काहींना तिनं दात घट्ट होतात असंही वाटतं. प्रत्यक्षात रोज जिथं ती चोळली जाते तिथली हिरडी दातावरून मागं सरकते, मूळ उघडं पडतं, गार पाणी लागायला लागतं. आणि ठणका लागला की पुन्हा तीच मशेरी, कारण तात्पुरतं बधिर वाटतं. तोंडाच्या कॅन्सरची भीती आता बायकांच्या कानावर गेली आहे. हिरड्यांचं अजून नाही.

विडी ओढणाऱ्यांची गंमत उलटी आहे. तंबाखूच्या धुरानं हिरडीतलं रक्ताभिसरण बिघडतं, त्यामुळं आत हाड झिजत असतानाही रक्त कमीच येतं. "आपल्याला तसला काही त्रास नाही" असं तो छातीठोकपणे सांगतो. रक्त दिसत नाही म्हणूनच तो उशिरा पोचतो.

माझ्या आत्यालाही खालचे पुढचे दात हलायला लागेपर्यंत कुणाकडं जावंसं वाटलं नव्हतं. बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, एक केएलईचं आणि एक मराठा मंडळाचं. त्यांतल्या एकात तिला नेलं. तिथं निदान कसं करतात ते पहिल्यांदा जवळून पाहिलं. टोकाशी बारीक झालेली, मिलिमीटरच्या खुणांची एक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद सोडतात. एका दाताभोवती सहा ठिकाणी. एक मुलगी आकडे पुकारत होती, दुसरी कागदावर भरत होती: तीन, दोन, तीन, मग पुढच्या दातांपाशी पाच, सहा, सात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार आणि पुढं म्हणजे खिसा तयार झालेला. सळई काढल्यावर रक्त येतं का, तेही टिपतात. मग हाड किती उरलंय ते बघायला एक्स-रे. आत्या खुर्चीतूनच मला विचारत होती, "काय मोजाय लागल्यात रं ह्या पोरी?" दोन दात काढावे लागले. बाकीच्यांच्या मुळापर्यंतचं किटण काढलं आणि ते राहिले.

किटण काढल्यावर दात सैल होतात, ही समजूत आमच्या भागात फार घट्ट आहे. किटण निघून सूज ओसरली की आधी झाकलेल्या फटी दिसतात, काही दिवस गार लागतं, आणि माणसाला वाटतं डॉक्टरनंच दात हलवले. हलवले होते ते आजारानं. किटणानं ते नुसते बांधून धरल्यासारखे वाटत होते.

आता पुन्हा शुगरकडं येतो, कारण माझं म्हणणं तिथंच आहे. शुगर असलेल्यांना हिरड्यांचा हा आजार होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. उलटही खरं: हिरड्यांत सतत सूज असली की शुगर आटोक्यात ठेवणं जड जातं. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) सरासरी ०.४ टक्क्यानं खाली येते, असं अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. दंतवैद्यांच्या २०१७ च्या जागतिक परिषदेनं ठरवलेल्या या आजाराच्या वर्गवारीत तर एचबीएवनसी ७ किंवा त्याहून जास्त असलेला मधुमेही, किंवा दिवसाला १० अगर जास्त सिगारेटी ओढणारा, थेट झपाट्यानं बिघडणाऱ्या गटात धरतात. म्हणजे शिबिरात बोटाला टोचून जो आकडा काढता, त्याचा तोंडाशी इतका जवळचा संबंध.

दुकानदार म्हणून आणखी थोडं. बीपीची अॅम्लोडिपिन आणि फिटची फेनिटॉइन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. ती गोळी मनानं बंद करायची नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तोंड दाखवायचं, बऱ्याचदा पर्याय मिळतो. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात, "पोटुशी आहे, दाताला हात नको" म्हणून बायकांना घरी बसवू नका. आणि हिरड्यांतून रक्त येतंय, सोबत ताप आहे, अंगावर काळेनिळे डाग उठतायत, तर पेस्ट बदलत बसू नका, आधी रक्त तपासून घ्या.

कर्नाटक सरकारच्या दंतभाग्य योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी मिळते. चांगली योजना. पण दात पडल्यावर कवळी देणाऱ्या सरकारला ते पडण्याआधी एक छोटा आरसा आणि एक सळई परवडू नये का? शुगरचं शिबिर भरवणाऱ्या मंडळांना, सोसायट्यांना आणि आरोग्य खात्याला विनंती एवढीच: डोळ्यांचे डॉक्टर बोलावता तसा एक दंतवैद्यही बोलवा. ज्याची शुगर जास्त निघेल त्याच्या हिरड्या त्याच टेबलावर बघा आणि शुगरच्या चिठ्ठीवर त्याची एक ओळ लिहा. सोबत मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत एक पत्रक छापून द्या. शुगरच्या गोळ्यांच्या पिशवीत ते घालायचं काम माझं. गावातल्या इतर दुकानदारांशीही मी बोलतो.

आपला,
एक औषध विक्रेता, निपाणी (जि. बेळगाव)