शनिवारची बैठक : जॉन थॉमसनचं कँटन

मंडळी, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. या खेपेला स्कॉटिश छायाचित्रकार जॉन थॉमसन. १८६८मध्ये हाँगकाँगला स्टुडिओ थाटून १८७२पर्यंत तो चीनमध्ये हिंडला. कँटनच्या (म्हणजे दक्षिण चीनमधलं आजचं ग्वांगचौ) फिजिक स्ट्रीटचा त्याचा फोटो आधी बघून या : अरुंद गल्ली, दुतर्फा दुकानांच्या लांबलचक उभ्या पाट्या. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर घेत; ती काच ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची, म्हणून अंधारा तंबूही सोबत न्यावा लागे. (आणि आपण चार्जर विसरला म्हणून कुरकुरतो!) गल्लीतली माणसं स्थिर आहेत की पुसट, ते बारकाईनं पाहा, चर्चा तिथूनच सुरू करू.

गेल्या वेळी प्रोजेक्टरची वायर माझ्याच घरी राहिली होती. शुक्रवारी कुणीतरी आठवण करा.