पदवीधर वाढले, त्यांच्याजोगी कामे कोठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शिकलेल्या पोरांना काम नकोच असते’ हे वाक्य सोलापुरात सर्रास ऐकू येते. टॉवेल कारखान्यांत तीस वर्षे हिशेबनिसाचे काम केलेल्या मला हा आरोप अन्यायाचा वाटतो.

‘भारत रोजगार अहवाल २०२४’ प्रमाणे २०२२ साली देशातील तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. निरक्षर मुलगा मिळेल त्या कामावर जातो, कारण थांबणे त्याच्या घराला परवडत नाही. पदवीधराच्या घरचे मात्र, फीसाठी कर्ज काढलेले असल्यामुळे, शिक्षणाला साजेसे काम मिळेपर्यंत पोटाला चिमटा काढून थांबतात.

असे काम आपल्या शहरात पूर्वी होते. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६३ मध्ये बंद पडली, पुढे नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णूही गेल्या. गिरणी म्हटले की आपल्याला कामगारच आठवतात. पण प्रत्येक गिरणीत हजेरी कार्यालय, भांडार, कापूस खरेदी आणि हिशेब यांसाठी कारकुनांचा मोठा ताफा असे, आणि शिकलेल्या मुलाला तिथे शिरकाव मिळे. त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली, तेव्हा कापड विणणारे हात टिकले, कार्यालये मात्र नाहीशी झाली. लहान कारखान्यात मालकच खरेदी-विक्री पाहतो आणि घरातले कोणी वह्या सांभाळते. शेवटची काही वर्षे तर मी एकटाच तीन कारखान्यांची पुस्तके लिहीत होतो. अशा व्यवस्थेत नव्या बी.कॉम. मुलाला बसायला खुर्ची कोठून मिळणार?

मग उरते पुणे, नाही तर अभ्यासिका. माझी भाची बी.एस्सी. होऊन चार वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करते आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या प्रवर्गाचे परीक्षा शुल्क १,००० रुपये होते. या मुलांचे कष्ट मी रोज पाहतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन मिळते, त्याने थोडा आधार होतो. पण प्रशिक्षणाची मुदत संपली की मुलगा पुन्हा होता तिथेच.

आपले विद्यापीठ २००४ मध्ये केवळ आपल्या जिल्ह्यासाठी स्थापन झाले, त्यामुळे पदवीनंतर दोन वर्षांनी विद्यार्थी काय करतो याची महाविद्यालयनिहाय नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर करणे त्याला अवघड नाही. पालकांना प्रवेश घेण्याआधी ही माहिती मिळालीच पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. ते कागदोपत्री उरकण्याऐवजी मुलांना अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील कारखान्यांत निर्यातीची कागदपत्रे, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि नक्षीकाम शिकायला पाठवावे. कारखानदारांनाही माझी विनंती आहे, आणि त्यांचे मीठ खाल्लेला माणूस म्हणून ती करतो : चारपाच जणांनी मिळून का होईना, एखादा पदवीधर नेमावा, पण त्याला नेमणूकपत्र आणि भविष्य निर्वाह निधी द्यावा. हे दोन्ही मला तीस वर्षांत एकदाही मिळाले नाही.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सोलापूर