शेजारच्या मंडळीतल्या वडिलांना (तिथल्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या एल्डरना) आभारपत्र

आदरणीय वडीलसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमचे आभार आम्ही समक्ष मानले आहेतच. तरी हे पत्र मराठीत आणि उघड लिहितो आहोत, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते मिरज-कोल्हापूरकडच्या आमच्या माणसांपर्यंत पोहोचावं अशी फार इच्छा आहे.

नोकरीमुळे आम्ही पश्चिम पेनसिल्व्हेनियात आलो तेव्हा आमच्या ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन चर्चची मंडळी जवळपास नव्हती. होती ती तुमची, रिफॉर्म्ड प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ नॉर्थ अमेरिकेची. आमच्या जुन्या सेशनने (पाळक आणि वडील यांच्या कारभारी सभेने) सभासदत्वाचं पत्र तुमच्या सेशनला पाठवलं आणि तुम्ही दुसऱ्या एका वडिलांना घेऊन घरी आलात. आमचा विश्वास काय, मुलं विश्वासाची शिकवण देणारी वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी शिकतात का, हे विचारलंत. मग आपणहून सांगितलंत, 'आमच्याकडे उपासनेत फक्त बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं गातात, तीही वाद्यांशिवाय. तुम्हाला जड जाईल.' जड गेलंच. पेटी-तबल्यावरच्या भजनांत वाढलेले आम्ही. पण तुमच्या पत्नीने संध्याकाळी मुलांना शेजारी बसवून चार आवाजांतलं गाणं शिकवलं, आणि आता मुलं आमचेच सूर सुधारतात.

फरक तेवढ्यावर थांबत नव्हते. तुमच्याकडे 1888 पासून स्त्रियांना डीकन (मंडळीतलं सेवेचं पद) होता येतं, आमच्याकडे नाही. या विषयावर तुम्ही आमच्याशी मोकळेपणाने वाद घातलात, आणि त्याच आठवड्यात माझ्या आजारपणात जेवण पाठवलंत. मतभेद झाकून गोड बोलणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली होती. मतभेद मांडून जवळ राहणारी फार थोडी.

यामागची व्यवस्था आम्हाला तुमच्याकडूनच समजली. 1975 मध्ये पिट्सबर्गला पाच चर्चेसनी मिळून नॉर्थ अमेरिकन प्रेस्बिटेरियन अँड रिफॉर्म्ड कौन्सिल स्थापन केली. तुमचं आणि आमचं चर्च दोन्ही त्यात पहिल्यापासून आहेत. पवित्र शास्त्र चूक नसलेलं देववचन आहे, ही मूळ अट. वेस्टमिन्स्टरचे विश्वासाचे दस्तऐवज मानणारे स्कॉटिश परंपरेतले आणि हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी मानणारे डच-जर्मन परंपरेतले लोक तिथे एकत्र बसतात. कौन्सिल कुणावर हुकूम चालवू शकत नाही, सल्ला देते. म्हणून सगळं अखेर तुमच्यासारख्या वडिलांच्या सचोटीवर येऊन ठेपतं. शिवाय त्याला मर्यादाही आहे. संस्थापकांपैकीच असलेल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चने 1995 मध्ये पाळक आणि वडील ही पदं स्त्रियांना खुली केली, आणि पुढे काही वर्षांनी त्यांचं सदस्यत्व संपलं. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. तरी निर्णय योग्यच होता, असं तुम्ही म्हणालात. आम्हालाही तसंच वाटतं.

आमच्या भारतात ऐक्याची वाट वेगळी होती. 1970 मध्ये नागपुरात सहा चर्चेस विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि प्रेस्बिटेरियनांचा मोठा भाग त्यात गेला. त्यामुळे 'एक होणं' म्हणजे पाटी एक होणं, असंच आम्ही धरून चाललो होतो. वेगळ्या पाटीखाली राहूनही एकमेकांच्या सभासदांची काळजी वाहता येते, हे तुमच्या घरी जेवताना कळलं.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीसाठी. आमच्या प्रेस्बिटरीने (अनेक मंडळ्यांवरच्या सभेने) याच भागात नवं काम सुरू करायचं ठरवलं. 1984 च्या सौजन्य-करारानुसार, जिथे कौन्सिलमधल्या दुसऱ्या चर्चचं काम आधीच आहे, तिथे उतरण्यापूर्वी त्यांच्याशी बोलायचं असतं. ते बोलणं कसं होईल याची आम्हाला धास्ती होती. आमच्यासारखी कुटुंबं जाणार हे तुम्हाला दिसत होतं, आणि तुमची मंडळी लहान आहे. तुम्ही सेशनसमोर उभे राहून संमती द्यावी म्हणालात. शिवाय आम्हाला जागा मिळेपर्यंत रविवारी दुपारी तुमचंच सभागृह वापरू दिलंत, भाडं न घेता. आमचं सभासदत्वाचं पत्र तुम्ही स्वतः लिहिलंत. त्यात आमच्या मुलांची नावं घालून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती नव्या सेशनला केलीत. ती ओळ कुणी सांगितली नव्हती, आणि कुठल्याही करारात ती नाही.

आता आमच्याकडे 'ट्रिनिटी सॉल्टर हिम्नल' हे गीतपुस्तक आहे. आमच्या चर्चने युनायटेड रिफॉर्म्ड चर्चेसबरोबर मिळून 2018 मध्ये काढलेलं हे पुस्तक, आणि त्यात दीडशेही स्तोत्रं आहेत. दर रविवारी निदान एक तरी स्तोत्र आम्ही गातो. धाकटीला अजून पियानो नको असतो.

पुढच्या महिन्यात आमच्या पाळकांचा प्रतिष्ठापनाविधी आहे. तुमच्या सेशनला रीतसर निमंत्रण पोहोचलं असेल. बंधुप्रतिनिधी (तुमच्या चर्चचे पाहुणे प्रतिनिधी) म्हणून तुम्हीच यावं आणि जेवायला आमच्याकडे थांबावं, ही विनंती. त्या दिवशी एक स्तोत्र वाद्यांशिवाय गायचं आमच्या सेशनने मान्य केलं आहे. सूर तुम्ही धरावा.

तुमचं ऋणी,
मिरजेचं एक कुटुंब