विमाने मोजता, तसे फिटरही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला, तेव्हापासून वर्तमानपत्रांत एकच हिशेब चालू आहे: हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) ४२, हाताशी २९. आपल्या दैनिकातही तो वाचला. आकडा खरा आहे आणि काळजीही रास्त आहे. पण मी वीस वर्षे हवाई दलात इंजिन फिटर होतो. आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न ‘विमाने किती’ असा कधी नसायचा, ‘आज सर्व्हिसेबल किती’ असा असायचा. हँगरमध्ये उभी असलेली विमाने आणि त्या दिवशी उडू शकणारी विमाने हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा आकडा ज्यांच्या हातून वाढतो त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

८ ऑक्टोबर १९३२ ही हवाई दलाची स्थापना. पहिली स्क्वाड्रन मात्र उभी राहिली १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीच्या ड्रिग रोड तळावर. चार वापिटी विमाने, सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही एवढाच संसार. अधिकाऱ्यांपैकी सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झाले, ते नाव सर्वांना ठाऊक आहे. हवाई सिपाही म्हणजे आजच्या एअरमनचे, म्हणजे अधिकारी नसलेल्या जवानांचे, पूर्वज. त्यांच्या पहिल्या फळीतले हरजिंदर सिंग लाहोरला इंजिनिअर झाले होते, तरी सिपाही म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशच्या लढाईत लायसंडरसारख्या टेहळणीच्या विमानांना बॉम्ब लावण्याची सोय त्यांनी जागेवरच करून दिली. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले आणि मेंटेनन्स कमांडचे प्रमुखही. सिपाही ते एअर व्हाइस मार्शल, आणि तेही स्पॅनरच्या जोरावर! आमच्या ट्रेनिंगमध्ये हे नाव उस्तादांनी सांगितले तेव्हा बराकीत रात्री दुसरा विषय नव्हता.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट तर याहून मोठी. महायुद्ध संपल्यावर कानपूरजवळ चकेरीला लिबरेटर बॉम्बफेकी विमाने मुद्दाम मोडतोड करून भंगारात टाकलेली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती उडण्याजोगी करून बेंगळुरूला नेली आणि नीट बांधली. त्यांच्यावर १९४८ मध्ये ५ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. ती विमाने हवाई दलात १९६८ पर्यंत होती. भंगारातून वीस वर्षे!

आज हवाई दलाच्या सात कमांड आहेत. दिल्ली, शिलाँग, प्रयागराज, गांधीनगर आणि तिरुवनंतपुरम इथल्या पाच लढाऊ कामाच्या, बेंगळुरूची ट्रेनिंग कमांड आणि सातवी मेंटेनन्स कमांड. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात, वायुसेनानगरला. नाशिकजवळ ओझरचा बेस रिपेअर डेपो, ज्याला आम्ही बीआरडी म्हणतो, तोही आपल्याच राज्यात. तिथे मिग-२९ आणि सुखोई-३० अक्षरशः उघडून पुन्हा जोडली जातात. लोहगावचे सुखोई पाहायला पुणेकर माना उंच करतात, त्यांतल्या किती जणांना ओझर ठाऊक असेल?

काम कसे चालते ते थोडे सांगतो. इंजिनात हवा ओढणाऱ्या तोंडातून फिटर बॅटरी घेऊन आडवा सरपटत आत जातो. अंगात बिनखिशाचा डांगरी, म्हणजे खिशातले काही आत पडायला नको. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर कुठे टवका उडालाय का, हे एकेक पाते पाहत, बोट फिरवत तपासायचे. काम झाले की हत्यारे मोजायची. प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली. एकदा संध्याकाळी आमचा एक छोटा स्पॅनर कमी भरला. विमान तिथेच ग्राउंड. आम्ही चौघे पॅनेल उघडत बसलो आणि रात्री साडेअकराला तो एका पाइपच्या मागे सापडला. जेवण राहिले, पण कुणी तक्रार केली नाही. नंतर फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, प्रत्येक ट्रेडवाल्याची (इंजिन, वीज अशा एकेका कामाच्या माणसाची) सही होते आणि सर्वांत शेवटी वैमानिकाची. माझी पहिली सही करताना हात थरथरला होता, कारण त्या विमानात बसणारा मुलगा माझ्याच वयाचा होता.

आता मुद्दा. २०२२ पासून एअरमनची भरती प्रामुख्याने अग्निवीरवायू म्हणून होते: चार वर्षे सेवा, ट्रेनिंग त्यातच धरलेले, आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. ही मुले हुशार आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका हिशेबाबद्दल आहे. इंजिन सुरू असताना नुसत्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या कंपावरून बिघाड ओळखायला मला सहावे वर्ष उजाडले. त्याआधी मी सार्जंटच्या मागे उभा राहून शिकत होतो. नेमकी कामाला येऊ लागलेली चारातली तीन मुले घरी गेली, तर दहा वर्षांनी नव्या पोरांमागे उभा राहणारा सार्जंट कुठून आणायचा? पायदळाची गरज वेगळी असेल, त्यावर मी बोलत नाही. निदान तांत्रिक ट्रेडसाठी ही २५ टक्क्यांची मर्यादा सरकारने वाढवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नवी विमाने घ्यायला पैसा लागतो आणि वर्षे लागतात, हाताशी असलेला शिकलेला फिटर ठेवायला एक निर्णय पुरे आहे.

आणि एक विनंती आपल्यालाही. दर ८ ऑक्टोबरला पहिल्या पानावर आकाशातल्या विमानांचे छायाचित्र असते, ते असावेच. यंदा परवानगी काढून आपला एक वार्ताहर ओझरच्या हँगरमध्येही पाठवा. तिथल्या फिटरांशी बोला, त्यांची नावे छापा.

आपला,
एक निवृत्त सार्जंट, नागपूर