डिसेंबरच्या मुलांची एवढी घाई कशाला?

महोदय,

सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा होम मैदानावरून उठायच्या आतच 'प्रवेश सुरू'चे फलक लागतात. मग पूर्व भागातल्या ओळखीच्या लेकी-सुना माझ्याकडे येतात. माझी उभी हयात बालवाडीत गेली म्हणून विचारतात, "बाई, औंदा घालू का नर्सरीत? नियमात बसतंय की!"

नियमात बसते, हे खरे. ३१ डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. २०२० मध्ये शासनाने ही तारीख डिसेंबरअखेरपर्यंत पुढे नेली. वय त्याहून कमी असेल तर घालायला बंदी. पण वय बसले की त्याच वर्षी घातलेच पाहिजे, असे कुणी म्हटलेले नाही. शाळा भरते जूनमध्ये. तेव्हा डिसेंबरअखेरचे पोर अडीच वर्षांचेही नसते, आणि शेजारी जानेवारीतले, जवळजवळ साडेतीन वर्षांचे पोर बसलेले असते. बाईंची अपेक्षा दोघांकडून सारखीच! पुढे तेच धाकटे साडेपाचव्या वर्षी पहिलीत जाते आणि 'मागे पडतो' असा शेरा घेऊन घरी येते.

आया मला कौतुकाने सांगतात, ए टू झेड येतं, मोबाईलवरची गाणी पाठ आहेत. मी ऐकून घेते आणि डबा आणायला लावते. दोन्ही बाजूंना क्लिपा असलेला तो डबा पोरासमोर ठेवायचा आणि आपण गप्प बसायचे. काही पोरे क्लिप खटकन उघडतात. काही डबा उलटा करून आपटतात. काही आईच्या तोंडाकडे बघतात आणि आईचा हात लगेच पुढे येतो. वर्गात तो हात नसतो, पोळी-भाजी तशीच घरी परत येते. मग चड्डी. शू लागल्याचे वेळेत कळते का, सांगता येते का, बटण निघते का? (गणवेशाला इलास्टिक लावा, हे शाळांना सांगून सांगून मी थकले.) आई दिसेनाशी झाली की पोर रडणारच, त्याचे काही नाही. रडून झाल्यावर दुसऱ्या कुणापाशी ते शांत होते का, ते बघायचे. एवढे जमत असेल तर खुशाल घाला, अक्षरे नंतर येतात.

आपल्या सोलापुरात आणखी एक गाठ आहे. घरात तेलुगू नाहीतर कन्नड, गल्लीत मराठी आणि वर्गात इंग्रजी. ओळखीतली एक चुणचुणीत नात, डिसेंबरचीच. घरी दिवसभर तेलुगूत बडबड. वर्गात 'मे आय गो' म्हटल्याशिवाय उठायचे नाही म्हणून ओले कपडे घेऊन घरी यायची. पुढे तर सकाळचे दूधही नको म्हणू लागली. आईबापांनी विचारले, पुढच्या वर्षी पुन्हा नर्सरीतच बसवू का? शाळेने सांगितले, फी पुन्हा भरावी लागेल आणि जागेची खात्री नाही. मग काय, पोरगी तशीच रेटली.

अर्थात 'अजून वर्षभर घरीच राहू द्या' हे आजी-आजोबा घरात असलेल्यांना सांगणे सोपे. जिला दिवसाकाठी विड्यांचा आकडा गाठायचा आहे, तिने पोर कुठे ठेवायचे? सुपाशेजारी, तंबाखूच्या धुळीत? तिला मी वस्तीतली अंगणवाडी सांगते. तीन ते सहा वर्षांची मुले तिथे हक्काने जातात, गरम आहार मिळतो आणि सेविका बहुधा जवळपासचीच असल्याने पोराचे बोलणे तिला कळते. पण अंगणवाडीला ना टाय ना बूट, म्हणून शेजारीण नाक मुरडते आणि कर्ज काढून नर्सरीची फी भरली जाते. हे मला पटत नाही, मी तोंडावर तसे सांगते.

बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसले की वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आता मात्र तयारी सगळी पोराने करायची आणि शाळेने फक्त जन्मदाखला तपासायचा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि तो खेळातून शिकण्याचा, असे म्हटले आहे. मग नर्सरीच्या पोराला चार रेघी वही कशाला?

शाळांकडे माझे मागणे फार नाही. पहिले काही दिवस आईला वर्गाबाहेर बसू द्यावे. तेलुगू-कन्नड समजणारी एक तरी मावशी लहानांच्या वर्गावर असावी. आणि दिवाळीपर्यंत पोर रुळले नाही, तर त्याच पैशात पुढच्या जूनची जागा राखून ठेवू, असे प्रवेश अर्जावरच छापावे. आईबापांनीही पैसे भरण्यापूर्वी हे लेखी मागावे.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
अशोक चौक परिसर, सोलापूर