एमयूजी ब्रॉथची काचच निळी चमकते: नव्या लॉटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय: तयार लॉरिल ट्रिप्टोज-एमयूजी ब्रॉथच्या सदोष काचनळ्यांबाबत

महोदय,

सांगली जिल्ह्यात आमची पाणी तपासणीची लहान प्रयोगशाळा आहे. पाण्यातले जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी गेली चार वर्षं आम्ही तुमचाच तयार ब्रॉथ (पोषक द्रव) वापरतो आणि आजवर एकदाही तक्रार केली नाही. जूनच्या शेवटी आलेल्या लॉटबद्दल मात्र लिहिणं भाग आहे. त्या लॉटवरून आमच्याकडून एक चुकीचा रिपोर्ट गेला आणि त्याचा त्रास एका कुटुंबाला झाला.

एका वाडीच्या सार्वजनिक विहिरीचा नमुना आला होता. 35 अंशांवर चोवीस तास ठेवल्यावर नळ्या गढूळ झाल्या, आतल्या ड्युरॅम ट्यूबमध्ये गॅस धरला, म्हणजे कोलिफॉर्म (दूषणाची शक्यता दाखवणारा जिवाणूंचा गट) होतेच. अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरल्या, तर सगळ्या निळ्या. याच गटातल्या ई. कोलाय जिवाणूचं बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइम ब्रॉथमधलं एमयूजी हे रसायन तोडतं आणि सुटं झालेलं 4-मिथाइलअंबेलिफेरोन असंच निळं चमकतं. आयएस 10500 या भारतीय पेयजल मानकाप्रमाणे पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई. कोलाय आढळताच कामा नये. आम्ही रिपोर्टवर 'ई. कोलाय आढळले' असं लिहून दिलं.

ई. कोलाय म्हणजे विष्ठेचं दूषण, हे आता गावागावात माहीत झालंय. विहिरीपासून जवळच्या एका घराने मागच्याच वर्षी संडास बांधला होता. लोकांनी त्यांच्या शोषखड्ड्याकडे बोट दाखवलं. पाच दिवस त्या घरातल्या बायका संडास बंद ठेवून भर पावसात ओढ्याकडे जात होत्या. हे त्या घरची सून दुसरा नमुना घेऊन आली तेव्हा तिच्या तोंडून ऐकलं. तिने बाटली टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, नीट बघा."

या वेळी आम्ही नमुन्यासोबत क्लेब्सिएला या न चमकणाऱ्या जिवाणूचा निगेटिव्ह कंट्रोल आणि नुसत्या ब्रॉथची, काहीही न घातलेली एक नळी लावली. दोन्ही चमकल्या. नवा लॉट उघडताना आम्ही फक्त पॉझिटिव्ह कंट्रोल (चमकायलाच हवी अशी नळी) लावला होता. ही आमची चूक आहे आणि ती आम्ही ग्रामपंचायतीला लेखी कळवली आहे.

मग एका कोऱ्या नळीतला ब्रॉथ ओतून टाकला, नळी तीनदा धुतली, डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि दिव्याखाली धरली. चमक तशीच! जुन्या लॉटच्या सात नळ्या शिल्लक होत्या. त्यातली एक रिकामी करून तिच्यात तुमचा नवा ब्रॉथ घातला, तर ती काळीभोर राहिली. म्हणजे ब्रॉथ चांगला आहे, दोष काचेत आहे. काही काचेत सीरियम ऑक्साइड असतं आणि अशी काच यूव्हीत आपोआप चमकते, हे या चाचणीतलं जुनं, माहितीचं दुखणं आहे. तुम्ही नळ्यांची काच बदलली आणि ग्राहकाला कळवलं नाही. पहिल्या नमुन्याच्या नळ्यांतून ईएमबी अगारवर (जिवाणू वाढवायच्या प्लेटवर) रेघा ओढल्या, तिथे ई. कोलायची ओळख असलेली हिरवी धातूसारखी झळाळी आली नाही. ई. कोलाय ओळखायची इंडोल चाचणीही निगेटिव्ह. कोलिफॉर्म होते म्हणून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सांगणं बरोबरच होतं, पण त्या शोषखड्ड्याला दोष देण्याजोगं आमच्या हाती काहीच नव्हतं.

याहून गंभीर गोष्ट तुमच्या हेल्पलाइनची आहे. फोनवर आधी दिवा बदलायला सांगितलं. नंतर म्हणाले, "फिकट निळी दिसली तर निगेटिव्ह धरा." कृपा करून हा सल्ला कुणालाही देऊ नका. बॅक्टेरिया लॅक्टोज आंबवतात तेव्हा ब्रॉथ आम्लधर्मी होतो आणि आम्लात मिथाइलअंबेलिफेरोनची चमक मंदावते. खरीखुरी पॉझिटिव्ह नळीही म्हणून फिकट दिसू शकते. शंका असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून पुन्हा बघायचं असतं. चाचणीला मुळातच मर्यादा आहेत, ओ157:एच7 सारखा घातक ई. कोलाय तिच्यात चमकतच नाही. त्यात फिकट नळ्या सोडून द्यायला लागलो, तर पावसाळ्यात दूषित विहिरीलाही पिण्यायोग्य म्हणून सही करून बसू. चमकणाऱ्या काचेमुळे चांगलं पाणी वाईट ठरतं, तुमच्या सल्ल्याने वाईट पाणी चांगलं ठरेल.

आमचं म्हणणं असं: उरलेल्या 38 नळ्या परत घेऊन न चमकणाऱ्या बोरोसिलिकेट काचेतल्या द्याव्यात. हा लॉट ज्या ज्या प्रयोगशाळांना गेला, त्या सगळ्यांना याच आठवड्यात लेखी कळवावं. त्यांच्याकडूनही असे रिपोर्ट गेले असतील आणि पैशांपेक्षा आम्हाला याची जास्त काळजी आहे. यापुढे लॉटच्या प्रमाणपत्रावर रिकामी नळी 365 नॅनोमीटरला तपासल्याची नोंद असावी. आणि हेल्पलाइनवरचा तो सल्ला मागे घेतल्याचं आम्हाला पत्राने कळवावं.

धुतलेली नवी नळी आणि जुन्या लॉटची नळी कुरियरने पाठवत आहे. अंधारात शेजारी शेजारी धरून आपण स्वतः बघावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पाणी तपासणी प्रयोगशाळा

सोबत: बिलाची प्रत, लॉटचं प्रमाणपत्र, दोन्ही नळ्यांचे यूव्ही दिव्याखालचे फोटो