मिडलमार्च परत वाचलं

प्रिय स्वाती,

काल रात्री दीडला मिडलमार्च, जॉर्ज एलियटची ती कादंबरी, वाचून संपली, दुसऱ्यांदा, आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. तू शंभरेक पानांत सोडलंस ना, त्या कॅसॉबनवर चिडून? कॉलेजात असताना माझंही तेच झालेलं. डोरोथिया विशीच्या आतली, तिचा हा नवरा पंचेचाळिशी ओलांडलेला, जगातल्या सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधतोय, वह्याच्या वह्या टिपणं आणि पुस्तक काही होत नाही, वर तिच्या मायेचाही त्याला संशय.

पण अगं, २९वा चॅप्टर! लेखिका डोरोथियाबद्दल वाक्य सुरू करते आणि मधेच स्वतःलाच अडवते, की दर वेळी डोरोथियाच का? आणि मग थेट कॅसॉबनच्या आत शिरते. विद्वान लोक आपल्याला काय म्हणत असतील ह्याची त्याला केवढी भीती, कोणीतरी वाईट लिहिलेलं कसं मनात सलत राहिलंय. पहिल्या वेळी मी हे सगळं भरभर उलटलेलं, ह्या वेळी तिथेच थांबले.

आणि ४२वा. डॉक्टर लिडगेटकडून कॅसॉबनला स्वतःचा हृदयाचा आजार कळलाय, डोरोथिया बागेत त्याच्या हातात हात घालायला जाते तर हा ताठच, ती खोलीत जाऊन इतकी संतापते, आणि तरी रात्री अंधारात त्याची वाट बघत उभी राहते. तो मेणबत्ती घेऊन वर येतो, थकलेला, माझ्यासाठी जागीयेस का विचारतो, आणि इतक्या हळुवारपणे बोलतो की तीच चकित होते. मग दोघं हातात हात घेऊन जातात. बस एवढंच. मी रडले.

कादंबरी १८७१-७२ मध्ये आठ भागांत आली आणि चौथा भाग नेमका ह्या हातांवर संपतो. पुढच्या भागासाठी लोक जवळपास दोन महिने थांबले, आणि त्या पाचव्या भागाचं नाव काय, तर मेलेल्या माणसाचा हात! त्यात कॅसॉबन जातो आणि मृत्युपत्रातून कळतं की तिने त्याच्या तरुण नातेवाइकाशी, विल लॅडिस्लॉशी, लग्न केलं तर इस्टेट जाणार. मला परत भयंकर राग आला त्याचा. पण आता तो राग माहितीतल्या माणसावरचा होता, म्हणून जास्त लागला.

लिडगेट आणि त्याची बायको रोझमंड, त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन, त्यांच्या कर्जाची पानं वाचताना पोटात खड्डा पडतो.

तू २९पर्यंत जा ना, प्लीज. पोचलीस की फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

तुझी,
मेघा